पदर, फेटा, पायताण

"चर्चमध्ये लग्नाला यायचंय, काय नेसून येऊ?" हा प्रश्न मला आजवर किती जणांनी विचारला, त्याची मोजदाद नाही. शाळेतल्या सहशिक्षिकांनी विचारला, शेजारच्या वहिनींनी विचारला, लग्न होऊन आमच्यात आलेल्या सुनांनी पहिल्या रविवारच्या आदल्या रात्री विचारला. विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी धास्ती असते. आपलं काही चुकेल, कुणीतरी हटकेल, चारचौघांत मान खाली घालावी लागेल, अशी. ती धास्ती जावी म्हणून ही छोटी पुस्तिका काढली आहे.

प्रश्नाचं उत्तर तसं दोन वाक्यांचं आहे. अंबाबाईच्या दर्शनाला जाताना जे नेसता, तेच नेसून मिस्सेला या. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, कापड धुतलेलं असावं, आणि तासभर बसता-उठता-गुडघे टेकता ते सारखं सावरावं लागू नये. रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या दारावरचे रखवालदारही खांदे आणि गुडघेच बघतात. आपल्या देवस्थान समितीनेही भाविकांना तोकडे कपडे घालून येऊ नका असं सांगितलेलं आहे. म्हणजे कोल्हापूरकराला यात नवीन शिकण्यासारखं फारसं काही नाही.

मग प्रस्तावनेला इतकी पानं कशाला? पुस्तिकेत काय घालावं ते आहे. ते का घालावं, आणि दुसऱ्याला घालायला सांगताना जीभ कुठे आवरावी, हे तिच्यात नाही. ते मी एका माणसाकडून शिकलो. त्याचं नाव मी विचारलं नाही, याची खंत आजही आहे.

तेव्हा मी पंचविशीत होतो. ओळखीतल्या एका घरचं लग्न होतं आणि पाहुण्यांना आत नेऊन बसवण्याचं काम माझ्याकडे होतं. नवरीच्या वडिलांचे जुने स्नेही, पन्हाळ्याच्या बाजूचे एक शेतकरी, पायऱ्या चढून आले. इस्त्रीचं धोतर, पांढरा नेहरू शर्ट, खांद्यावर उपरणं आणि डोक्याला नुकताच बांधलेला गुलाबी फेटा. मी पुढे होऊन म्हणालो, "आजोबा, फेटा काढून आत जावा. चर्चमध्ये डोकं झाकून चालत नाही." ते थबकले. त्यांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "लग्नात बोडक्या डोक्यानं बसू व्हय? पोरीच्या बापाचा मान हाय ह्यो. ऱ्हाऊ दे पोरा, मी हितंच बसतो." आणि ते पायरीवर बसले. लग्नाचा विधी आणि मिस्सा मिळून तास-सव्वा तास ते तिथेच होते. आतून गाणी ऐकू आली की मान हलवत होते.

मिस्सा संपताना मी बाहेर आलो तेव्हा त्यांच्या पायांकडे लक्ष गेलं. पाय अनवाणी होते. पायताणं त्यांनी फाटकाच्या आतच, भिंतीकडेला जोडीनं काढून ठेवली होती. कुणी सांगितलं नव्हतं. देवाचं घर आहे, एवढं त्यांना पुरलं होतं. आणि ज्यानं त्यांना देवाच्या घराचा नियम सांगितला होता, तो मी वेदीसमोर बूट घालून फिरत होतो.

पुढे बऱ्याच वर्षांनी चर्चच्या कायद्याची 1917 सालची संहिता पाहण्याचा योग आला. तिचं 1262 वं कलम मी मुद्दाम शोधलं, कारण माझा नियम तिथला होता. पवित्र विधीच्या वेळी पुरुषांनी डोकं उघडं ठेवावं, स्त्रियांनी डोकं झाकावं आणि शालीन वेष करावा, विशेषतः ख्रिस्तप्रसाद घ्यायला जाताना, असं ते कलम सांगतं. पण पुरुषांबद्दलच्या वाक्याला एक शेपूट आहे: लोकांची मान्य रीत किंवा विशेष परिस्थिती वेगळं सांगत असेल, तर ते सोडून. रोममध्ये बसून साऱ्या जगासाठी कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं की कुठेतरी एखादं गाव असेल, जिथे डोक्यावरचं उतरवणं हा आदर नसून अपमान असेल. ते गाव कोल्हापूर होतं आणि मला ते ठाऊक नव्हतं. त्याहून बोचलं ते पुढचं. 27 नोव्हेंबर 1983 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत हे कलम ठेवलेलंच नाही. मी त्या माणसाला अडवलं तेव्हा ज्याच्या जोरावर अडवलं, तो नियम अस्तित्वातच नव्हता.

नियमाचं मूळ संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात आहे. पुरुषाने डोकं झाकून प्रार्थना करणं आणि स्त्रीने उघड्या डोक्याने करणं लाजिरवाणं आहे, असं पौल तिथे म्हणतो. देवदूतांचा आणि सृष्टीच्या क्रमाचाही दाखला तो देतो, पण लाज-लज्जेचा त्याचा मुद्दा त्या काळच्या ग्रीक शहरातल्या माणसांना उमजणारा होता. आपल्याकडे स्त्रियांबद्दलचा अर्धा भाग सांगावाच लागला नाही. वडीलधारं माणूस समोर आलं की पदर डोक्यावर जायचा, तसा तो ख्रिस्तप्रसादाच्या रांगेतही जायचा. माझी आई बाकावरून उठतानाच डाव्या हातानं पदर ओढून घ्यायची आणि परत येऊन डोळे मिटून बसेपर्यंत तो तसाच असायचा. तिला कलम ठाऊक नव्हतं आणि पौलाचा अध्यायही पाठ नव्हता. आजच्या मुली ओढणी घेतात, काही घेत नाहीत. सक्ती नाही. पण ज्या घेतात त्यांना 'जुनाट' म्हणू नये, एवढी माझी विनंती आहे.

पुरुषांचं मात्र आपल्याकडे उलटं. मराठीत पागोटं पायावर ठेवणं म्हणजे सगळा मान दुसऱ्याच्या हवाली करणं. मुलीचा बाप व्याह्यापुढे ते करायचा, कर्जात बुडालेला सावकारापुढे करायचा. बोडकं डोकं सुतकातलं. म्हणून 'फेटा काढा' हा हुकूम आपल्या कानाला कसा लागतो, हे परक्याला कळायचं नाही. आणि म्हणूनच माणूस आपणहून ते करतो तेव्हा त्याचं मोल वेगळं असतं. आमच्या चर्चमध्ये एक म्हातारे गृहस्थ होते. गांधी टोपी घालून यायचे, वाचनं-उपदेश टोपी घालूनच ऐकायचे. फादर अर्पणाची भाकर दोन्ही हातांनी उंच धरत, घंटी वाजे, त्या क्षणी त्यांचा हात वर जाई, टोपी उतरे आणि घडी करून गुडघ्यावर ठेवली जाई. त्यांना कुणी हे शिकवलं नव्हतं. पागोटं कुणाच्या पायाशी ठेवायचं, ते त्यांचं त्यांनी ठरवलं होतं.

पायांबद्दल बायबल आपल्याच बाजूने बोलतं. जळत्या झुडुपापाशी मोशेला देव पहिली गोष्ट सांगतो ती पायातलं काढण्याची, कारण ती भूमी पवित्र आहे. निर्गमच्या तिसऱ्या अध्यायातली ही गोष्ट युरोपात पुष्कळ शतकं बुटात पाय घालूनच वाचली गेली. थंड फरशीच्या देशात ते समजण्यासारखं आहे. पण ज्या गावची चप्पल देशोदेशी जाते, त्या गावात ती उंबऱ्याबाहेर काढण्यातच मान आहे, हे पोराटोरांनाही कळतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर भारतातल्या धर्माध्यक्षांनी उपासनेला भारतीय वळण देण्यासाठी बारा बाबी रोमकडे मांडल्या आणि 25 एप्रिल 1969 रोजी त्यांना मान्यता मिळाली. जमिनीवर बसणं, पादत्राणं काढणं, पंचांग प्रणाम, मेणबत्तीच्या जागी समई, आरती या गोष्टी त्यांत आहेत. धर्मगुरूच्या नेहमीच्या पोशाखाऐवजी एकच सैलसर झगा आणि त्यावर अंगवस्त्र चालेल, असंही आहे. त्या वेळी काही भाविकांना हे धर्मांतर उलटं फिरवल्यासारखं वाटलं आणि त्यावर बराच वाद झाला. तो वाद आता पुष्कळसा निवला आहे. त्या पायरीवर बसलेल्या शेतकऱ्याने मात्र एक बाब कुणालाही न विचारता पाळली होती.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पुष्कळांना वाटतं, फादरांचा वेदीवरचा पोशाख हा सुरुवातीपासून 'धर्माचा' पोशाख आहे आणि आपला पोशाख 'गावचा'. तो पायघोळ पांढरा झगा म्हणजे रोमन माणसाचा रोजचा अंगरखा. त्यावरचा रंगीत झगा म्हणजे रोमन माणूस वारा-पावसात पांघरायचा ते घोंगतं. त्याला लॅटिनमध्ये 'छोटं घर' अशा अर्थाचं नाव होतं. रस्त्यावरची फॅशन बदलली, वेदीवरची राहिली, आणि राहता राहता पवित्र झाली. 428 साली पोप पहिला सेलेस्टाइन याने गॉलमधल्या धर्माध्यक्षांना खडसावून लिहिलं होतं की धर्मगुरू लोकांत ओळखू यावा तो शिकवणुकीने आणि जगण्याने, कपड्यांनी नव्हे. म्हणजे चर्चच्या वेषाची गंगोत्री कुणा एका गावच्या बाजारपेठेतच आहे. रोमचं घोंगतं चाललं तर आमचं उपरणं का चालू नये, हा प्रश्न मला उद्धट वाटत नाही.

हा प्रश्न आमच्या भागात फार महागात पडलेला आहे. 1659 साली रोमहून आशियात निघालेल्या धर्मप्रसारकांना लेखी सूचना गेली होती: धर्माच्या आणि नीतीच्या उघड विरुद्ध नसतील तर त्या लोकांच्या चालीरीती बदलायला लावू नका, तुम्हाला तिथे श्रद्धा न्यायची आहे, आपला देश न्यायचा नाही. त्यानंतर पाऊण शतकाने, 1736 साली, गोव्यात इन्क्विझिशनने जो फतवा काढला त्यात ख्रिस्ती पुरुषांनी धोतर नेसायचं नाही आणि बायकांनी चोळी घालायची नाही, असं आहे. रोमची सूचना कागदावर राहिली आणि फतवा लोकांच्या अंगावर आला. हे वाचताना ख्रिस्ती म्हणून मला शरम वाटते, आणि ती वाटावी असंच मला वाटतं. तरीही माणसांनी वाट काढली. गोव्याच्या बायका मिस्सेला जाताना डोक्यावरून पांढरं 'ओल' घेऊ लागल्या. ते पदराचंच दुसरं रूप होतं. वसईकडे सामवेदी ख्रिस्ती बायकांचं लाल लुगडं आणि पुरुषांची लाल टोपी पोर्तुगीज गेले तरी राहिली, आणि आजही सणाला, लग्नाला बाहेर निघते. घाटावर तर वेष बदलायला लावणारं कुणी नव्हतं. इथे बाप्तिस्मा झाला आणि इरकल, खणाची चोळी, पटका आहे तिथेच राहिले.

पण याचा अर्थ झगा-फ्रॉक परका आणि साडी आपली, असा कुणी काढू नये. आजरा, चंदगड, गडहिंग्लजकडे गोव्याच्या बाजूने आलेली कोकणी बोलणारी ख्रिस्ती घरं आहेत. त्यांच्यातल्या एखाद्या आजीचा गुडघ्याखाली पोचणारा फुलाफुलांचा फ्रॉक हा तिच्या आजीकडून आलेला आहे. फतव्याच्या पापाचं माप तिच्या पदरात घालायचं नाही. रविवारी शहरातल्या मिस्सेला बघा: पुढच्या बाकावर काठपदराची साडी, मागे तो फ्रॉक, त्यामागे केरळहून नोकरीसाठी आलेल्या परिचारिका सलवार-कमीजमध्ये, कडेला जीन्सवर धुवट शर्ट घातलेली कॉलेजची पोरं. ज्याचं त्याने आपल्या घरचं नीटनेटकं घालून यावं, यापलीकडे एक गणवेश नाही आणि तो करूही नये. जीन्सवरून फार कुरकुर होते, म्हणून सांगतो. 866 साली नव्याने ख्रिस्ती झालेल्या बल्गेरियनांनी पोप पहिला निकोलस याला विचारलं होतं की आमच्या बायकांनी विजारी घातल्या तर चालेल का. त्याचं उत्तर असं की घाला किंवा घालू नका, त्याने तारणात काही उणं-अधिक होत नाही. साडेअकराशे वर्षांपूर्वी निकालात निघालेला प्रश्न आपण दर रविवारी पुन्हा दाखल करतो.

एक गोष्ट मला टोचते ती सांगूनच टाकतो. वेषाचे धडे आपण नेहमी मुलींना देतो. जुन्या कलमातही 'शालीन वेष' हे शब्द स्त्रियांच्याच वाट्याला आले होते. ब्लाउजच्या पाठीवर चर्चा करणारी मंडळी बर्म्युडावर आलेल्या पोराबद्दल अवाक्षर काढत नाहीत. म्हणून या पुस्तिकेत पुरुषांचं प्रकरण आधी घेतलं आहे. शाहू स्टेडियमवरून सामना बघून थेट संध्याकाळच्या मिस्सेला येणाऱ्या पोरांना मी दारातून परत पाठवणार नाही, आली हेच मोठं. पण टी-शर्टच्या पाठीवर जे छापलेलं असतं, ते मागच्या बाकावरचा माणूस तासभर वाचत असतो, एवढं त्यांनी ध्यानात घ्यावं.

रंगांचा प्रश्न अलीकडचा. नवरात्रात रोजच्या रंगाची साडी नेसायची सवय झाल्यामुळे, उपवासकाळात आम्ही जांभळं नेसायचं का, असं बायका विचारतात. आगमनकाळात आणि उपवासकाळात जांभळा, नाताळ-ईस्टरला पांढरा, पेन्टेकॉस्टला आणि शुभ शुक्रवारी लाल, एरवी हिरवा, हे रंग फादरांच्या झग्याचे आहेत. भाविकांना ते बंधन नाही. हौसेनं कुणी जांभळं नेसलं तर छानच. शुभ शुक्रवारी मात्र आपल्याकडे आपोआपच सगळे साध्या, फिक्या कपड्यात येतात. त्या दिवशी दागिना कुणाच्या अंगावर दिसत नाही. सूतक आपल्याला शिकवावं लागत नाही.

नाताळची मध्यरात्रीची मिस्सा हा याचा दुसरा टोकाचा दिवस. वर्षभर कपाटात ठेवलेल्या साडीची घडी त्या रात्री मोडायची, हा घरोघरचा रिवाज. बाहेर डिसेंबरची थंडी, आत नव्या कापडाचा आणि मेणबत्त्यांचा वास. स्वेटर, शाल, कानटोपी सगळं चालतं. तान्ह्या बाळाची आणि दमेकरी म्हाताऱ्याची टोपी काढायला लावू नये, 'विशेष परिस्थिती' म्हणतात ती हीच.

पण याच रात्रीची एक दुखरी बाजू आहे. उसाचा हंगाम तेव्हा भरात असतो. मराठवाड्यातून, नगरकडून आलेल्या टोळ्या जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या परिसरात खोप्या करून राहतात, आणि त्यांत काही ख्रिस्ती घरंही असतात. एका नाताळला असंच एक जोडपं दोन मुलांना घेऊन आलं. दिवसभर फड तोडून आलेली बाई. तिनं हात-पाय धुतले होते, केस विंचरले होते, पण नवं काही तिच्याकडे नव्हतं. साडीवर उसाच्या पाचटाचे ओरखडे तसेच होते आणि वर नवऱ्याचा शर्ट चढवलेला, तोडणीच्या वेळी चढवतात तसा. ती आत येईना. बाहेरच्या खांबाला टेकून उभी राहिली. आतल्या आमच्या रेशमाने तिला अडवलं होतं, कुणी बोललं नसतानाही. संत याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय नेमका याच दाराशी उभा आहे: सोन्याच्या अंगठीचा पाहुणा आला की 'या, इथे बसा' आणि मळक्या कपड्यातला आला की 'तू तिकडे उभा राहा'. आमच्यातल्या एका बाईनं उठून तिला हाताला धरून आत आणलं आणि आपल्या शेजारी बसवलं. तिच्या मांडीवरच्या पोरानं सगळ्या मिस्साभर त्या बाईच्या नव्या साडीची जर ओढली.

तेव्हापासून ज्या घरी नवं घेणं होत नाही, त्या घरांचा विचार केल्याशिवाय मला वेषाबद्दल काही लिहिता येत नाही. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी मुलींना पांढरे झगे आणि मुलांना पांढरी पँट-शर्ट लागतात. तीन तास घालायचे आणि पुढच्या वर्षी आखूड होणारे हे कपडे, त्यासाठी कुणी उसनवारी करू नये. आमच्याकडे आता अशा कपड्यांची एक पेटी आहे. पोरं मोठी झाली की आया धुऊन, इस्त्री करून त्यात ठेवतात, पुढची आई त्यातूनच नेते. कुणाच्या मुलीनं कुणाचा झगा घातला, हे विचारायचं नाही, असा त्या बायकांनीच नेम केला आहे.

पांढऱ्याबद्दल आपल्या लोकांच्या मनात अढी होती. पांढरं नेसणं म्हणजे कपाळ पुसणं, हे आमच्या आज्यांच्या रक्तात भिनलेलं. पांढऱ्या साडीतली नवरी पाहून एका आजीनं तोंड फिरवलं होतं, हे मी पाहिलं आहे. मग तडजोडी झाल्या. पांढऱ्या साडीला लाल काठ आले, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा आला, आता तो जोड कुणाला विजोड वाटत नाही. चर्चमध्ये पांढरा येतो तो बाप्तिस्म्यातून. पाणी ओतून झालं की बाळाला पांढरं वस्त्र देतात. मिस्सेला जाताना घालायचा प्रत्येक ख्रिस्ती माणसाचा पहिला पोशाख तो. बाकी सगळे त्यानंतरचे. शेवटी शवपेटीवर पांढरं वस्त्र पांघरतात, तेही त्याचीच आठवण म्हणून.

आमच्या घरी तसं एक झबलं आहे. आईच्या लग्नातली पांढरी साडी विरली तेव्हा तिच्या पदराकडच्या चांगल्या भागातून तिनं ते हातानं शिवलं. गळ्याशी नाडी, काठाचा लाल दोरा खालच्या दुमडीत अर्धवट राहिलेला. ते मी घातलं, माझ्या धाकट्या भावंडांनी घातलं, माझ्या मुलांनी घातलं. मधल्या काळात एका बाहीला ठिगळ लागलं आहे. गेल्या वर्षी नातीच्या वेळी सुनेनं नवा लेसचा झगा आणला होता, तो सुंदरच होता. पण चर्चला निघताना तिनंच ट्रंक उघडली.

पुस्तिका छापायला देण्याआधी आम्ही दारावरचा जुना फलक उतरवला. नव्या फलकावर खांदे, गुडघे आणि मोबाइल एवढंच आहे. दाराच्या डाव्या हाताला पायताणं ठेवायला एक लाकडी घडवंची करून घेतली आहे. ज्यांना काढायची त्यांनी काढावीत, ज्यांना नाही त्यांनी तसंच आत यावं. फेट्याबद्दल फलकावर काही लिहिलेलं नाही.

कोल्हापूर,
आगमनकाळाचा पहिला रविवार